मोबाइलवाला घाईत असतो?

संकेतस्थळाच्या मजकुराची बैठक असली की एक वाक्य हमखास निघतं: 'मोबाइलवर लोक घाईत असतात, तिथे थोडक्यात द्या, सविस्तर संगणकासाठी ठेवा.' सगळे माना डोलावतात. ऐकायला शहाणपणाचं वाटणारं हे वाक्य निखालस चुकीचं आहे. मजकूर-नियोजनावर लिहिणाऱ्या कॅरेन मॅकग्रेन यांनी 2012 मध्येच आपल्या पुस्तकात या समजाचा समाचार घेतला होता. हातातलं यंत्र बघून माणसाची निकड कळत नाही. आपल्याकडे तर कित्येक घरांत मोबाइल हाच एकमेव संगणक. सातबारा त्यावरच बघायचा, मुलीचा प्रवेशअर्जही त्यावरच भरायचा. अशा माणसाला 'सविस्तर माहिती संगणकावर पाहा' म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं.

दुसरा पक्ष जास्त अभ्यासू. त्यांच्याकडे वाचकाचं चित्र तयार असतं: वय 45, ग्रामीण, शेती, स्मार्टफोन. हौस असली तर त्याचं बारसंही करतात. पण हाच माणूस पीककर्जासाठी येतो तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच असतो, की बँकेत कोणता सातबारा चालेल? फुकट दिसतो तो फक्त माहितीपुरता. सरकारी किंवा बँकेच्या कामाला डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, त्याचे 15 रुपये. दोन ओळींत काम संपलं.

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तोच येतो. वय तेच, फोनही तोच. आता त्याला कामाचा क्रम हवा असतो. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं, सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा. मग फेरफाराची नोंद होते, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. हे कुणी सांगितलेलं नसलं, की आठव्या दिवशी तो सातबारा उघडतो, वडिलांचंच नाव बघतो आणि चुलतभावाने काहीतरी खोडा घातला असं धरून चालतो. जमीन महसूल अधिनियमाची कलमं पानावर जशीच्या तशी ओतून हा संशय फिटत नाही.

आकडेवारीवाल्यांचं थोडक्यात आटोपू. लोक पानावर बराच वेळ थांबतात म्हणून ते खूश. माणूस वाचत होता की वाट चुकून फिरत होता, हे आकडा सांगत नाही.

शिवाय पानासमोर बसलेला माणूस नेहमी तोच असतो असंही नाही. सेतू केंद्रातला पोरगा असतो, नाहीतर पुण्यातला भाचा. भाचा फोनवर विचारतो, "मामा, आठ-अ आहे का तुमच्याजवळ?" मामा पलीकडे पिशवी उपसत असतात. इथे मजकूर फोनवर वाचून सांगता आला पाहिजे, एका वेळी एक गोष्ट. शासन निर्णयाची तिरकी स्कॅन केलेली प्रत भाचा काय वाचून दाखवणार?

'प्रत्येकाची परिस्थिती धरून बसलो तर संकेतस्थळ निघायचं कधी?' हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. प्रत्येकाची धरूच नका. बहुतेकांना ज्या कामासाठी यावं लागतं ते आधी धरा. ब्रिटनने ऑक्टोबर 2012 मध्ये जुनी सरकारी संकेतस्थळं मोडून गव्ह डॉट यूके सुरू केलं, तेव्हा गरज लोकांची बघायची, सरकारची नाही, हे पहिलं तत्त्व ठरवलं. तिथल्या बँक सुट्ट्यांच्या पानावर पुढची सुट्टी ठळक अक्षरांत सगळ्यात वर दिसते. बहुतेक लोक तेवढ्यासाठीच येतात. लांब कशाला, 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. तिच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण शिवारात रेंज नसेल हे तिथे गृहीत धरलेलं आहे: बांधावर उभं राहून फोटो काढा, माहिती भरा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. शेतकरी त्या क्षणी कुठे उभा आहे, याचा विचार कुणीतरी केला होता.

एवढा अभ्यास करायला मोठा खर्च लागतो, हीही सबबच. दहावीच्या निकालानंतर एक दिवस सेतू केंद्रात बसा. काउंटरवरच्या ऑपरेटरला लोकांचे नेहमीचे पाच प्रश्न तोंडपाठ असतात. उत्तरं देऊन वैतागला, की तो स्केचपेनने कागद लिहून काचेवर चिकटवतो: 'झेरॉक्स दोन प्रती. मूळ रेशनकार्ड सोबत आणणे. फोटो मागच्या वर्षीचा चालणार नाही.' मुख्य पानाचा पहिला मसुदा म्हणून तो कागद घ्या. मान्यवरांचे फोटो खाली सरकले, तरी कुणाचं काम अडणार नाही.