ड्रायरचा फ्यूज आणि 'डायरेक्ट' वायर

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आता काही घरांत वॉशिंग मशीनशेजारी ड्रायरही आला आहे. दोन-तीन वर्षांनी त्याची एक ठरावीक तक्रार सुरू होते. ड्रम फिरतो, पण कपडे गारच्या गार आणि ओले निघतात. काही मशीनमध्ये ड्रमही फिरत नाही. मेकॅनिक येतो, 'थर्मल फ्यूज उडालाय' म्हणतो आणि पार्ट मिळेपर्यंत दोन वायरी एकमेकींना जोडून मशीन 'डायरेक्ट' करून देतो. मशीन चालू झाली की सगळे खूश. पार्टचा विषय मागे पडतो.

हे धोक्याचे आहे, आणि त्याचे मूळ आपल्या जुन्या सवयीत आहे. मीटरखालचा चिनी मातीचा फ्यूज उडाला की अब्बा तांब्याची तार गुंडाळून तो पुन्हा लावत. तो फ्यूज करंट वाढला की उडतो. थर्मल फ्यूज करंटवर नव्हे, उष्णतेवर उडतो. ठरलेल्या तापमानाच्या वर हवा तापली की तो हीटरचा किंवा मोटरचा पुरवठा तोडतो, आणि एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही. रोजचे तापमान सांभाळायला थर्मोस्टॅट असतो. फ्यूज ही त्याच्या मागची शेवटची राखण. ती काढून वायर जोडली, तर हीटरला आवरणारे कोणी उरत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही. वॉरंटी असेल तर कंपनीलाच बोलवा. नसेल तर आधी प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. बहुतेक मशीनमध्ये हा फ्यूज मागच्या पत्र्याआड, गरम हवेच्या वाटेवर असतो: बोटभर तुकडा, दोन वायरी. वायरी काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. पत्र्याच्या कडा हात कापतात, हातमोजे घाला. वायरी काढून मल्टिमीटर लावा. चांगला फ्यूज शून्याजवळ ओहम दाखवतो, बझर वाजतो. उडालेला काहीच दाखवत नाही. नवा घेताना मशीनचा मॉडेल नंबर सांगा. तापमान आणि अँपिअर जुन्याइतकेच हवेत. जास्त तापमानाचा 'टिकाऊ' फ्यूज कोणी दिला तर नको म्हणा.

पण फ्यूज उगाच उडत नाही. टॉवेल, चादरी, बुरखे यांतून सुटणारा तंतूंचा भुगा जाळीत आणि हवेच्या पाइपात साचतो. हवा कोंडते, उष्णता आतच राहते. अमेरिकेत, जिथे ड्रायर घरोघरी आहे, तिथल्या सरकारी अग्निशमन विभागाने 2008 ते 2010 या काळात घरांतील ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 असल्याचा अंदाज दिला होता. पुढे येणारे मुख्य कारण होते सफाई न करणे. म्हणून नवा फ्यूज लावण्याआधी पाइप काढून झटका, भिंतीबाहेरच्या तोंडाशी हवा जोरात येते का ते हाताने पाहा. पाइप दुमडलेला असला तरी हेच होते. सगळे साफ असूनही फ्यूज पुन्हा उडाला, तर थर्मोस्टॅट किंवा हीटर बिघडला आहे. तिथे मात्र जाणता माणूस हवा.

जाळी तर प्रत्येक वेळी साफ करावी. दोन हजार वॅटचा हीटर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे मध्येच लाईट जाणे. पंखा थांबतो, हीटर मात्र तापलेलाच असतो. अशा वेळी दार उघडून कपडे लगेच बाहेर काढा आणि पसरून ठेवा. गरम ढीग आत ठेवून लाईटची वाट पाहू नका. आणि तळणाच्या तेलाची फडकी ड्रायरमध्ये घालूच नका. धुतल्यावरही त्यांत तेल राहते, ते तापून आपोआप पेटू शकते. ती फडकी दोरीवरच बरी, दोन दिवस लागले तरी.