दोन मायक्रोसेकंदांचा पाहुणा

वाचता वाचता एक काम करा. डावा हात पुढे धरा, तळवा आकाशाकडे. आता घड्याळातल्या सेकंद काट्याबरोबर एक, दोन, तीन असं मोजा. दर आकड्याला साधारण एक पाहुणा तुमच्या तळव्यातून आरपार गेला! टोचलं का? नाही ना? घरात बसला असाल आणि डोक्यावर तीन मजले असतील, तरी तो येतोच. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतही येतो. (पाटीवर ना. म. जोशी मार्ग आहे हो, पण बोलताना तोंडात डिलाईल रोडच येतं.)

या पाहुण्याचं नाव म्यूऑन. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, त्या धडकेतून म्यूऑन तयार होतात. जमिनीपासून साधारण १५ किलोमीटर उंचीवर. १९३६ साली अँडरसन आणि नेडरमेयर या अमेरिकन शास्त्रज्ञांना तो सापडला.

आता कोडं ऐका. म्यूऑनचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले जेमतेम दोन उचला. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटर जातो, आणि प्रकाशापेक्षा जोरात तर कुणालाच पळता येत नाही. मग १५ किलोमीटरवरून निघालेला म्यूऑन वाटेतच संपायला हवा. गणित केलं तर अब्जात एखादासुद्धा खाली पोचू नये. आणि इथे तर तळव्यावर सेकंदाला एक!

वर्गात ऑफ तासाला मी हे सांगितलं, तर मुलं बोटांवर शून्यं मोजायला लागली. मग मी उत्तर सांगितलं. आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवलं की, जो भयंकर वेगाने पळतो त्याचं घड्याळ आपल्याला सावकाश चालताना दिसतं. प्रकाशाच्या वेगाच्या ९९.८ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनचं घड्याळ सुमारे १६ पट सावकाश. दोन मायक्रोसेकंदांचे झाले पस्तीस! तेवढ्यात तो दहा किलोमीटर सहज येतो. त्याहूनही वेगवान म्यूऑन असतात, ते तर आरामात पोचतात.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "पण बाई, म्यूऑनला स्वतःला काय वाटत असेल?"

मी हसून म्हटलं, "अगं, वाटायला तो काय माणूस आहे?" वर्ग खो खो हसला. ती गप्पकन खाली बसली.

रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, चुकले. तिने विचारला तोच तर खरा प्रश्न! म्यूऑनच्या जागी बसलात तर तुमचं घड्याळ अगदी ठीक चाललेलं असतं. तुम्ही २.२ मायक्रोसेकंदच जगणार. मग पोचलात कसे? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "काल मी तुझा प्रश्न हसण्यावारी नेला, आज उत्तर शोधून आणलंय." म्यूऑनच्या दृष्टीने तो जागच्या जागीच असतो, पृथ्वीच त्याच्याकडे धावत येते. आणि धावणारी वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड होते! त्याच्यासाठी १५ किलोमीटरची हवा एक किलोमीटरसुद्धा उरत नाही. आपण म्हणतो वेळ लांबली, तो म्हणतो वाट आटली. पोचण्याबद्दल मात्र दोघांचं एकमत!

ती म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं?" मी म्हटलं, "हो, आणि माझं चूक."

आणखी एक गंमत. या कणाचं क्षय पावणं म्हणजे एक घड्याळच आहे, तो पळत असला तर जास्त टिकलेला दिसेल, हे १९३८ साली 'नेचर' या नियतकालिकात कुणी लिहिलं ठाऊक आहे? आपल्या मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी! तेव्हा ते केंब्रिजमध्ये होते, वय जेमतेम अठ्ठावीस. पुढे १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी वेगवेगळ्या उंचीवर म्यूऑन मोजून ते खरं असल्याचं दाखवलं. आणि १९४५ साली भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, ती आज कुलाब्याला आहे.

आता तुमच्यासाठी प्रश्न. आपल्याला म्यूऑनचं घड्याळ सावकाश दिसतं. पण म्यूऑनला पळताना दिसतो तो आपण, तेव्हा त्याला आपलं घड्याळ सावकाश दिसतं. दोघंही बरोबर कसे? एक धागा देते. करी रोडच्या आसपास लोकल सिग्नलला थांबते, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते. एकदम वाटतं, सुटली आपली गाडी! पलीकडचा खांब पाहावा तर तो जागच्या जागी. आता समजा, खांबच नसता तर?

आईबाबांनाही विचारा. उत्तर पुढच्या अंकात.