आधी बेल वाजवा!

मंडळी, मागच्या शनिवारी माझी गेम भलतीच महागात पडली. मला नाही, ताईला.

झालं असं, की ताई दोन दिवस करंजाड्याला आमच्याकडे आली होती, तिचा जुना लॅपटॉप घेऊन. एक्सेलमध्ये तासभर केलेलं काम तसंच उघडं ठेवून ती चहा टाकायला उठली. तेवढ्यात भाच्यानं माझी गेम सुरू केली. स्क्रीन काळी ठिक्कर! एस्केप दाबलं, काही नाही. "मामा, हँग झालं," म्हणत पठ्ठ्यानं पॉवरचं बटणच दाबून धरलं. फाइल अर्थातच सेव्ह केलेली नव्हती.

त्याला काय ओरडणार? चूक माझी होती. मी आधी फुलस्क्रीन विंडो उघडायचो आणि मग सगळी चित्रं, सगळे आवाज एका दमात लोड करायचो. माझ्या एसएसडीवर दोन सेकंद, ताईच्या हार्डडिस्कवर अर्धा मिनिट. तेवढा वेळ प्रोग्राम कीबोर्डकडे बघतच नाही. पाच सेकंद उत्तर आलं नाही तर विंडोजसुद्धा 'नॉट रिस्पाँडिंग' म्हणतं, मग पोरानं का म्हणू नये?

माझं मत सरळ आहे. स्क्रीन आपली नाही, खेळणाऱ्याची आहे. डायरेक्टड्रॉच्या काळात नाइलाज होता. वेगासाठी गेम अख्खी स्क्रीन ताब्यात घेऊन ६४० बाय ४८० करायची. बाहेर आलं की डेस्कटॉपचे आयकॉन कोपऱ्यात गोळा! आता ती सबब चालणार नाही. २०१३ साली आलेल्या एसडीएल २ मध्येच डेस्कटॉपचं रेझोल्यूशन न बदलता फुलस्क्रीन करायची सोय होती.

म्हणून आता क्रम बदललाय. विंडो आधी लपलेलीच बनवायची (एसडीएल आणि जीएलएफडब्ल्यू, दोन्हींत जमतं), पहिली फ्रेम रंगवायची, मगच दाखवायची. सुरुवातीचा तो पांढरा भपकाही जातो. लोडिंग तुकड्यातुकड्यानं, मध्ये मध्ये कीबोर्डकडे बघत, म्हणजे एस्केप चालतं. पहिल्यांदा साधी विंडो. फुलस्क्रीन हवं तर खेळणारा निवडेल, आपण ते लक्षात ठेवायचं. पण पुढच्या वेळी तपासून. काल जोडलेला दुसरा मॉनिटर आज नसेल, तर विंडो उघडणार कुठे?

या सगळ्याला माझी एक संध्याकाळ गेली. ताईचा तास मात्र परत देता आला नाही. शहाणा पाहुणा बेल वाजवतो, दार उघडायची वाट बघतो. गेमनंही तेवढं करावं, बस्स.