लाजेपायी सोसलेले दुखणे

आखाजीला माहेरी जाण्याची ओढ खान्देशातील लेकीबाळींना कोणी शिकवावी लागत नाही. तरीही जळगाव-धुळे पट्ट्यातील कितीतरी प्रौढ स्त्रिया एस.टी.चा लांबचा प्रवास टाळतात, कीर्तनाला दाराजवळची जागा धरतात. लघवीची घाई अशी अनावर येते की मोरी गाठेपर्यंत वस्त्र भिजते. वयाचा भोग म्हणून हे सोसले जाते. वास्तविक हा मूत्राशयाचा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. शिंकताना-खोकताना होणारी गळती निराळी. तिच्यावरील शस्त्रक्रिया येथे उपयोगी नाही. गर्भाशय काढल्यानेही ही घाई जात नाही, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात या स्त्रिया पाणीच तोडतात. परिणाम उलटा होतो. दाट लघवी मूत्राशयाला चेतवते, बद्धकोष्ठ घाईत भर घालते.

जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांची तपासणी झाल्यावर पहिला उपचार कोणता? बहुधा गोळीच लिहून दिली जाते. १९९८ साली अमेरिकेत १९७ वयस्क स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात मात्र मूत्राशयाला सवय लावण्याच्या शिक्षणाने गळतीचे प्रसंग सुमारे ८१ टक्के घटले; ऑक्सिब्युटिनिनच्या गोळीने ६९ आणि निव्वळ दिखाऊ गोळीने ३९ टक्के. कृती साधी आहे. घाई आली की धावायचे नाही. स्थिर राहून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू भराभर आवळायचे, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचे. दोन वेळांमधील अंतर क्रमाने वाढवायचे. डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला. मूलबंध जाणणाऱ्यांना तो मुळीच अपरिचित वाटणार नाही. फळ दिसण्यास काही आठवडे लागतात, हीच काय ती अडचण.

गोळ्या निरुपयोगी नाहीत. पण जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो. वृद्धांच्या स्मृतीविषयीही शंका आहे. मिराबेग्रॉनने हा कोरडेपणा कमी. मात्र रक्तदाबावर लक्ष हवे. याही पुढे मूत्राशयात बोटॉक्सचे इंजेक्शन. २०१२ च्या एका तुलनेत गोळी व इंजेक्शन यांनी गळती जवळजवळ सारखीच घटली. पूर्ण मुक्तता गोळीने १३, इंजेक्शनने २७ टक्के स्त्रियांना मिळाली. मात्र इंजेक्शननंतर मूत्रसंसर्ग अधिक झाला, काहींना नळी घालावी लागली. मज्जातंतूंना चेतना देणारे यंत्र शरीरात बसविण्याचा खर्च तर लाखांच्या घरात जातो. कापूस वेचणारीला ते कोठून परवडावे?

जिला सर्वांत स्वस्त उपचार सर्वाधिक उपयोगी पडेल, तिला तो शिकवायलाच कोणी नाही, ही खरी उणीव. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील स्त्रीरोग विभागात आठवड्यातून एक दिवस या व्यायामासाठी राखणे अवघड नाही. यावल-रावेर किंवा साक्री-शिरपूरच्या गावांतून मात्र आशाताईंनाच आरंभ करावा लागेल. कारण ती बाई आपण होऊन डॉक्टरांपुढे तोंड उघडणार नाही. तिला घरी जाऊन विचारावे लागेल.