सामना कोणाच्या संध्याकाळी?

मे २०२२ मध्ये 'चेसेबल मास्टर्स' या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत रमेशबाबू प्रज्ञानंद याने नेदरलँड्सच्या अनिश गिरीला हरवले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. प्रज्ञानंद त्या वेळी सोळा वर्षांचा होता आणि सकाळी पावणेनऊला त्याला अकरावीच्या परीक्षेसाठी शाळेत हजर व्हायचे होते. त्याच्या जिद्दीचे आपण कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु सोळा वर्षांच्या मुलाचा सामना रात्री दोन वाजता का संपतो, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

कारण सरळ आहे. सामन्यांची वेळ युरोपच्या संध्याकाळला सोयीची होती. उन्हाळ्यात मध्य युरोपात सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा भारतात साडेनऊ आणि चीनमध्ये मध्यरात्र असते. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रज्ञानंदासमोर होता चीनचा डिंग लिरेन. म्हणजे दोन आशियाई खेळाडू आपापल्या झोपेच्या वेळी एकमेकांशी झुंजले.

वाचकहो, हा विषय आता केवळ ग्रँडमास्टरांचा राहिलेला नाही. बुद्धिबळ असो, फुटबॉलचा संगणकीय खेळ असो वा संघाने खेळायची लढाई, आपल्या घरांतील मुले परदेशी खेळाडूंबरोबर साखळी स्पर्धांत उतरत आहेत. सकाळी उठवत नाही, डोके जड राहते, चिडचिड वाढली आहे, अशा तक्रारी घेऊन पालक मुलांना दवाखान्यात आणतात आणि 'मोबाइलच बंद करायला सांगा' असा आग्रह धरतात. मी आधी विचारतो, 'सामने किती वाजता असतात?' बहुतेक पालकांना याचे उत्तर ठाऊक नसते.

आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या भागात, शरीराचे मुख्य घड्याळ आहे. ते प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लावले जाते. अंधार पडल्यावर पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. पेशींतील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली असतो. त्या वेळी हात मंदावतो, निर्णय चुकतो.

पौगंडावस्थेत हे घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकते. त्यामुळे 'तो तसाही बाराला झोपतो' असे आपण म्हणतो, पण शाळेची घंटा त्याच्यासाठी पुढे सरकत नाही. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी. दीड वाजता सुरू झालेला सामना तीनला संपला आणि सहाला उठावे लागले, तर हा हिशेब कुठेच बसत नाही.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. विमानाने लंडनला गेलेल्या खेळाडूचे शरीर काही दिवसांत तिथल्या वेळेला रुळते, कारण तिथला सूर्य त्याचे घड्याळ नव्याने लावतो. घरी बसून खेळणाऱ्याचा सूर्य मात्र बदलत नाही. सामना लंडनच्या वेळेचा, शाळा आणि ऊन नाशिकचे! त्याचे शरीर कधीच रुळत नाही. म्हणून रात्रीचा सामना ही आरोग्याची बाब आहेच, शिवाय ती खेळातील न्यायाचीही बाब आहे. एक खेळाडू ताजातवाना आणि दुसरा पेंगुळलेला, ही बरोबरीची लढत नव्हे.

मग न्याय्य वेळ कशी ठरवावी? थोडे गणित करू. हिवाळ्यात लंडनचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दीड वाजलेले. पण शनिवारी वा रविवारी आपल्या सायंकाळी साडेसातला सामना ठेवला, तर लंडनमध्ये दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिन्ही ठिकाणी मूल जागे आणि शाळा बंद! म्हणजे तिघांना सोयीची वेळ अस्तित्वात आहे. ती शोधावी लागते. या साखळीत सिडनी आली की मात्र गणित मोडते, कारण डिसेंबरमध्ये तिथे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक, जवळच्या देशांचे गट करून प्राथमिक फेऱ्या आपापसांत खेळवाव्यात. दुसरा, गैरसोयीची वेळ आळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला यावी. दर वेळी एकाच प्रदेशाने जागायचे, ही वाटणी नव्हे.

वेळापत्रक वाचताना एक सावधगिरी बाळगा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. आपण करत नाही. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर सामन्याची आपल्याकडील वेळ अचानक बदलू शकते.

घरी काय करावे? हंगाम सुरू होण्यापूर्वी मुलासोबत बसून सर्व सामने भारतीय वेळेत लिहून काढा. रात्री अकरानंतर संपणारे किती, हे मोजा. आठवड्यात असा एकच सामना आणि तोही सुट्टीच्या आदल्या रात्री, एवढी मर्यादा ठेवा. परीक्षेच्या काळात एकही नको. सामना उशिरा असेल त्या दिवशी दुपारी थोडी झोप घेऊ द्या. जागण्यासाठी कॉफी किंवा 'एनर्जी ड्रिंक' देऊ नका. कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असतो. सामना संपल्यावर दिवे मंद करावेत, हरलेल्या डावाची चर्चा सकाळी. अपुऱ्या झोपेनंतर सकाळी दुचाकी चालवू देऊ नका.

खेळावरचा ताबा सुटणे, अभ्यास, जेवण, मित्र यांपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही लक्षणे दीर्घकाळ टिकली तर डॉक्टरांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात या विकाराची नोंद केली आहे. मात्र रात्री उशिरा सामना असलेले प्रत्येक मूल व्यसनी नसते. पुष्कळदा त्याचे वेळापत्रक दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या देशाच्या सोयीने आखलेले असते.

म्हणून मुलाला रागावण्याआधी त्याच्याकडून आयोजकांना एक पत्र लिहवून घ्या. आमच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात, कोणती वेळ सर्वांना चालेल आणि गैरसोय आळीपाळीने वाटता येईल का, एवढे तीन मुद्दे त्यात पुरेत. आयोजकांनी ऐकले तर उत्तमच. नाही ऐकले, तरी आपल्या झोपेसाठी सभ्यपणे बोलायला मूल त्यातून शिकेल. पुढे नोकरीत परदेशी वेळेच्या बैठका त्याच्या वाट्याला येतील तेव्हाही ही सवय त्याच्या उपयोगी पडेल.