आडवी बाटली आणि तांबडा रस्सा

माझा भाचा पुण्यात असतो. मागच्या हिवाळ्यात तो आणि त्याची बायको दोन दिवस अकलूजला जाऊन आले. अकलूजला आमचे कोणी नातलग नाही, लग्नकार्यही नव्हते. ते गेले होते द्राक्षाच्या बागेत फिरायला आणि वाईन चाखायला. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली नावाची कंपनी २००७ साली सुरू झाली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाऊ. दिल्लीचे, अकलूजचे आणि इटलीचे अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती काढली. माणदेशाच्या कडेला, जिथे आपल्या लहानपणी दुष्काळी कामावर खडी फोडायला माणसे जात, तिथे आता शहरातली माणसे पैसे देऊन राहतात, पेल्यात नाक घालून वास घेतात आणि खूश होऊन परत येतात. भाचा तर इतका खूश झाला की फोनवर म्हणाला, "आत्या, आपण हे कोल्हापुरातच करू. खाणं तुझं, बाटल्या माझ्या."

मी साठी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई. आयुष्यात वाईनचा थेंब तोंडात गेला नव्हता. पण नाही म्हणवेना. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार ठरला. योगायोगाने माझी मावशीही त्याच आठवड्यात डोळे दाखवायला कागल तालुक्यातल्या गावाहून आली होती. तिला काय सांगायचे, हा प्रश्न मी शनिवारपर्यंत पुढे ढकलला.

शनिवारी सकाळी सगळ्यांना घेऊन वडणग्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर गेले. पाहुण्यांना पहिला पेला द्यायचा तर तो उसाच्या रसाचा, असे माझे मत. फेब्रुवारीत आपल्याकडे ऊसही भरात असतो आणि तिकडे तासगाव-पलूसला द्राक्षाची काढणीही. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचे पाणी टाकून वर आलेली मळी झाऱ्याने काढली जात होती. गुळव्या मात्र कोणाकडे बघायला तयार नाही. त्याचे सगळे लक्ष काहिलीच्या बुडबुड्यांकडे. रस घट्ट होत आला की एक क्षण असा येतो, की त्याच्या आधी उतरवले तर गूळ बसत नाही आणि नंतर उतरवले तर करपतो. त्याने थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली आणि हात वर केला. काहील उचलली गेली. सूनबाई हळूच म्हणाली, "तिकडे ह्याच कामासाठी इटलीचा माणूस आहे."

तिचे म्हणणे खरे होते, आणि त्यातच सगळी गोम आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दहा किलो ऊस तेव्हा कुठे किलोभर गूळ. पण या गुळव्याच्या हातचे कसब बघायला पैसे देऊन कोणी येत नाही. जळण महाग, माणसे मिळत नाहीत, उसाला साखर कारखान्यांचा दर ठरलेला, आणि बाहेरून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून बाजारात खपतो. नदीकाठच्या गुऱ्हाळांनी २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर अंगावर घेतले ते वेगळेच. एकेक गुऱ्हाळघर बंद पडत चालले आहे. आम्ही तिथे ताजी काकवी घेतली, गरम गुळात शेंगदाणे घालून खाल्ले. भाच्याने किती द्यायचे विचारले, तर मालक म्हणाला, "खाल्ल्याचं पैसं असत्यात व्हय?" हा आपला मोठेपणा आहे आणि धंद्याच्या दृष्टीने हीच आपली अडचण आहे. सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा फायदा घ्यायचा तर आधी या माणसाला खाल्ल्याचे पैसे घ्यायला शिकावे लागेल, आणि ते त्याला जमावे असे मला मनापासून वाटते का, हे सांगता येत नाही.

रात्री गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यालो. मापाच्या वर फेस. रविवारी सकाळी मिसळ. मिसळ कुठली ते सांगत नाही, अर्धे वाचक उरलेल्या अर्ध्यांशी भांडतील.

मटण मात्र घरी केले. मटणाविषयी कोल्हापूरकर किती हळवा आहे, हे २०१९ च्या अखेरीस साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दर भडकले तेव्हा इथल्या पेठांनी कृती समित्या काढल्या, बैठका घेतल्या, आणि दर खाली आल्याशिवाय मटण खायचे नाही असा पण केला. एवढे जपून खाणाऱ्या गावाच्या नावाने देशभरातल्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा लाल पदार्थ विकला जातो. तो कोल्हापुरात कोणाच्या घरी शिजतो, हे मला आजवर कळलेले नाही. आपल्या जेवणाचे मर्म नुसत्या तिखटात नाही. तांबड्या रश्श्याबरोबर पांढरा असतो, यात ते आहे. कांदा-लसूण चटणीचा तो लाल तवंग, आणि शेजारी मटणाच्या अळणी पाण्यात तीळ, खसखस, काजू वाटून नारळाच्या दुधात केलेला पांढरा. मिरचीतला तिखट अंश पाण्याने धुतला जात नाही, तो स्निग्ध पदार्थात विरघळतो. वाटीभर पांढरा ओरपला की तोंडाची आग का शमते, त्याचे उत्तर हे. आपल्या आज्यांना हे पुस्तक न वाचता माहीत होते.

आता वाईन. भाच्याने चार बाटल्या आणल्या होत्या, दोन अकलूजच्या, दोन नाशिकच्या. आपल्या राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, त्याच कायद्याखाली दुकानेही चालतात आणि पिण्याचे परवानेही मिळतात, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. भाच्याने अभिमानाने आजन्म परवाना दाखवला. आयुष्यभराचे असे दुसरे काही त्याने अजून केलेले नाही, लग्न सोडून.

गच्चीवर पाने मांडली. आधी त्याने लाल शिराझ ओतली, कारण मटणाबरोबर लाल अशी पद्धत. एक घोट घेतला आणि वर तांबड्याचा भुरका मारला. कानातून वाफा आल्या. चूक वाईनची नव्हती. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा असतो, आणि तुरटपणा व मद्य दोन्ही मिरचीचा दाह वाढवतात. मग गार केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लांक काढली. ती पांढऱ्या रश्श्याबरोबर बरी लागली. खरे सांगायचे तर बरीपेक्षा जास्त. कच्च्या पेरूसारखा वास, जिभेवर थोडे आंबट. वाईट काय आहे यात, असे माझ्या मनात आले, तेवढ्यात मावशी जिना चढून वर आली.

तिला आम्ही द्राक्षाचा रस म्हणून सांगितले असते तर ते खोटे ठरले असते, आणि तिने ते पकडलेही असते. भाच्याने सरळ सांगितले. वर पुस्ती जोडली, "आजी, ही दारू नव्हे. यात निम्म्याहूनही कमी असतं."

मावशीने पेला हातात घेतला, वास घेतला, खाली ठेवला. म्हणाली, "बाळ, ह्यातलं किती प्यालं की माणूस बायकूला मारतो?"

कोणी बोलले नाही. मावशीचा नवरा पन्नाशीत गेला. कशाने, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हिशेब करायची सवय आहे. मी मनात केला. साडेसातशे मिलिलीटरची बाटली, मद्य साडेबारा टक्के, म्हणजे बाटलीत शुद्ध मद्य ९४ मिलिलीटर. व्हिस्कीत ४२.८ टक्के, म्हणजे १८० मिलिलीटरच्या क्वार्टरमध्ये ७७. तेव्हा अख्खी बाटली एकट्याने संपवली तर एका क्वार्टरपेक्षा जास्तच पोटात जाते. चौघांत वाटून, जेवणाबरोबर, दोन तासांत प्यायली तर गोष्ट निराळी. वाईन दारू आहे की नाही, हा वाद घालणाऱ्यांपैकी कोणी हा साधा गुणाकार करून दाखवत नाही.

हा वाद आपण २०२२ मध्ये चांगला अनुभवला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांत बंदिस्त कपाटात वाईन विकता येईल. कारण सांगितले द्राक्ष बागायतदाराचे. विरोधकांनी मद्यराष्ट्राची हाकाटी केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या, आणि निर्णय तसाच राहिला. पुढे सरकारे बदलली, पण वाईन काही किराणा मालाच्या शेजारी आली नाही.

त्या बागायतदाराचे नेमके काय, हे आपल्या भागाने आधीच पाहिले आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, वाईनला उत्पादन शुल्क माफ केले, आणि दोन वाईन पार्क काढले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरे इथून जवळच, सांगली जिल्ह्यात पलूसला. विंचूरच्या अंगाने नाशिक वाढले. सुला कंपनीने तिथे २००५ साली चाखण्याची खोली उघडली आणि पर्यटक आणले. कंपनी २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात उतरली. पलूसचे तसे झाले नाही. २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली, मोठ्या खरेदीदारांनी हात आखडला, आणि वाईनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. द्राक्षाचा वेल तिसऱ्या वर्षी नीट फळाला येतो, उपटायला एक दिवस पुरतो. शिवाय वाईनला शिराझ, काबर्ने, शेनिन अशा जाती लागतात. आपल्याकडे सगळीकडे थॉमसन, सोनाका, माणिक चमन आणि तास-ए-गणेश. ही सगळी खायची आणि बेदाण्याची द्राक्षे. राज्यातल्या द्राक्षांचा अगदी थोडा भाग वाईनला जातो. तासगावच्या शेतकऱ्याला विचारा, तो बेदाण्याच्या सौद्याचा दर सांगेल. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली मानांकन मिळाले, त्यासाठी मात्र ना कोणी उपोषणाला बसले, ना कोणी मंत्रिमंडळात टिपण ठेवले. तेव्हा किराणा दुकानात वाईन ठेवल्याने सांगली-सोलापूरचा द्राक्षवाला तरेल, हे मला पटत नाही. चाखण्याच्या खोल्या मात्र जरूर निघाव्यात. जिथे बाग आहे, तिथे माणूस वाट काढून, गाडी करून, जेवायला बसून पितो. तिथून रोजगार गावात राहतो. दुकानाच्या फळीवरची बाटली घरात जाते, आणि घरात काय होते ते मावशीच्या प्रश्नात आले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाईनवर एवढा गदारोळ झाला, तो देशी दारूवर का होत नाही? मळीपासून निघणाऱ्या मद्यावर आमचा साखरपट्टा उभा आहे. उत्पादन शुल्कातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक मिळतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हे शुल्क आणखी वाढवले आणि त्यातून चौदा हजार कोटींची जादा आशा धरली. ज्या तिजोरीला एवढी सवय लागली आहे, तिने वाईनच्या चार बाटल्यांवर नीतीच्या गोष्टी सांगाव्यात, याचे हसू येते.

मावशीच्या गावात पंधराएक वर्षांपूर्वी बायकांनी देशीचे दुकान बंद करायला मतदान मागितले होते. नियम असा, की गावातल्या पंचवीस टक्के मतदार बायकांनी अर्ज केला की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, उभी आणि आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मावशी घरोघर फिरली होती. आलेल्या बहुतेक सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला. पण निम्म्या हव्यात त्या आलेल्यांपैकी नव्हे, एकूण मतदार बायकांपैकी. इचलकरंजीला कामाला गेलेल्या, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, यादीत नाव राहून गेलेल्या मयत म्हाताऱ्या, सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या गेल्या. दुकान अजून आहे. या निकषाने आमदारकी मोजली, तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील, असे त्या वेळी मावशीने तहसीलदाराला विचारले होते म्हणतात.

जेवण मात्र मोडले नाही. मावशीने पांढरा रस्सा दोनदा घेतला. मग भाच्याला विचारले, एका बाटलीला किती द्राक्षे लागतात. तो म्हणाला, किलो-सव्वा किलो. शेतकऱ्याला काय देतात? तो म्हणाला, किलोला पन्नासाच्या आत-बाहेर, बागेत तसे सांगत होते. आणि बाटली कितीला? नऊशे. मावशीने मान हलवली. "म्हंजे उसासारखंच की रं," म्हणाली आणि ताटावरून उठली.

चार बाटल्यांपैकी दोन संपल्या. सोमवारी तिला एसटीला सोडायच्या आधी मी काकवीचा डबा बांधू लागले, तर ती म्हणाली, डबा नको, गळतो, ती रिकामी काचेची बाटली दे, बूच चांगलं घट्ट आहे. मी धुऊन, वाळवून भरून दिली. पिशवीत ठेवताना तिने ती परत बाहेर काढली आणि मोरीत नेऊन बादलीत बुडवून ठेवली. साडेदहाची गाडी त्या पायी चुकली. गावात बाटली घेऊन उतरायचे, तर आधी तिच्यावरचा कागद भिजून निघायला हवा होता.