तंदूर लावला की दिवे जातात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नणंद मुलांना घेऊन आली. मुलांची फर्माइश ठरलेली: तंदुरी चिकन. जूनपासून माळ्यावर पडलेला इलेक्ट्रिक तंदूर खाली काढला, पुसला, लावला. मिनिटभरात घरातली सगळी वीज गेली. मेन बोर्डावरचा स्विच वर केला, पुन्हा तेच.

दीर म्हणाला, "भाभी, प्लगची ती जाड पिन काढून टाका, मग नाही पडणार स्विच." पक्कड माझ्या हातात होती. सासूबाईंनी अडवलं, "आधी वायरमनला विचार." त्या दिवशी चिकन तव्यावर झालं.

दुसऱ्या दिवशी वायरमनने समजावलं ते असं. तंदूरच्या रॉडमध्ये बाहेर धातूची नळी, आत तारेचं वेटोळं आणि मध्ये पांढरी पूड असते. ही पूड वीज अडवते, पण उष्णता बाहेर जाऊ देते. मात्र ती ओल शोषते. पावसाळ्यात रॉडच्या टोकांतून ओल आत शिरली की थोडी वीज पत्र्यावर उतरते. अर्थिंगमधून ती जमिनीकडे वळते. बोर्डावरचा आरसीसीबी एवढी गळतीही ओळखतो (घरात तो बहुधा 30 मिलीअँपिअरचा असतो) आणि वीज तोडतो.

ती जाड पिन म्हणजेच अर्थिंग. ती काढली असती तर स्विच कदाचित पडला नसता; पण वीज पत्र्यावरच राहिली असती, कुणाचा तरी हात लागेपर्यंत. आणि तंदूरभोवती सर्वांत आधी घोळका करतात ती मुलंच!

वायरमनने रॉड काढून मंद आचेवर वाळवला, मेगरने तपासला, मगच बसवला. वाळवूनही गळती राहिली असती तर रॉड बदलावाच लागला असता.

स्विच पडत नाही, पण तंदूर तापत नाही, अशी तक्रार असेल तर आधी त्याच सॉकेटवर इस्त्री लावून बघा. इस्त्री तापली तर दोष तंदूरमध्ये. 1500 वॅटचा तंदूर साडेसहा अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. पुष्कळदा रॉड चांगला असतो. त्याच्या टोकाची क्लिप सैल होऊन जळालेली असते. तिथे साधी चिकटपट्टी गुंडाळू नका, उष्णता सोसणारी क्लिपच बसवून घ्या. रॉड मीटरने तपासला तर 1500 वॅटला सुमारे 35 ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली समजा. हे सगळं प्लग काढून, तंदूर गार झाल्यावर, जाणत्या माणसाकडूनच.

आता पावसाळ्यात आमचा तंदूर माळ्यावर जात नाही. महिन्यातून एकदा पाव भाजायच्या निमित्ताने तो तापतो. आणि पक्कड सासूबाईंच्या कपाटात असते.